डोमाजीचा तास

सुलोचनाबाईला घाई होती. कशाची, ते तिलाही सांगता आलं नसतं. सातव्या महिन्यातच आईच्या पोटातून बाहेर पडली, तेव्हापासूनची ती घाई, असं तिची आई म्हणायची. शाळेत खिचडी शिजवायचं काम लागलं, तर डाळ अर्धी कच्चीच उतरवायची. पोरं कडकड दात वाजवत खायची आणि गुरुजी समजावून समजावून थकले. उन्हाळ्यात कुरडया घातल्या की पुरत्या वाळायच्या आत डब्यात. एस.टी.ची वाट पाहणं तर तिला ठाऊकच नव्हतं. सेलूपर्यंतचे पाच किलोमीटर पायीच सुटायची, आणि अर्ध्या रस्त्यात मागून आलेली एस.टी. तिच्या तोंडावर धूळ उडवून पुढं निघून जायची. मग दिवसभर त्या ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडणं चालायचं. गावात तिला पाठीमागं ‘फटफटी’ म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती.

गाव बोर धरणाच्या कालव्याला लागून. नवरा प्रेमदास, त्याचं घर दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. सुलोचनाबाई मात्र लग्नासाठी म्हणून पाण्यात उतरली. तिचा बाप्तिस्मा कालव्यातच झाला, आणि पास्टरचं आमेन तोंडातून सुटायच्या आत ही बाई काठावर येऊन साडी पिळत उभी. देवावर तिचा विश्वास नव्हता असं नाही, पण देवाचं काम फार सावकाश चालतं ही तिची कायमची तक्रार होती. माहेरचं काही अंगात शिल्लकही होतं. तिच्या आजीनं लहानपणी सांगून ठेवलं होतं की भर दुपारी बाराच्या टाइमाला कोणी नावानं हाक मारली तर ओ द्यायचा नाही. जिवंत माणूस तीनदा हाक मारतो. दोनदा मारून थांबला तो जिवंत नसतो. आता ख्रिस्ती झाल्यावर असलं मानायचं नसतं हे तिला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि भर उन्हात मानेवर काटा येणं वेगळं.

सात वर्षांपूर्वी प्रेमदास कापसाच्या ट्रकवरून पडला. जिनिंगमध्ये हमाल होता. भरलेल्या ट्रकवर चढून दोर आवळताना दोर तुटला आणि तो पाठीवर आपटला. कमरेखालचं सगळं गेलं ते गेलंच. दवाखान्यातल्या नर्सनं सुलोचनाबाईला एका बाजूला घेऊन सांगितलं की दर दोन तासांनी याची कूस बदला, रात्र असो की दिवस. नाही बदलली तर पाठीला घाव पडेल, आणि माणूस जातो तो त्या घावानं जातो.

आणि मग जिला एस.टी.ची वाट पाहवत नव्हती त्या बाईनं सात वर्षं दर दोन तासांनी नवऱ्याची कूस बदलली. मोबाईलवर अलार्म लावायचा, उठायचं, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, श्वास धरायचा आणि फिरवायचं. गुडघ्यांमध्ये उशी घालायची, शिवण खाली. पाठीवरून बोट फिरवून कातडी लाल झाली का पाहायचं. कोणाला हात लावू द्यायची नाही. पास्टरची बायको अंजू एकदा मदतीला म्हणून पुढं झाली, तर तिच्यावर खेकसली, “पाठ हाय का पोतं हाय थे? सरक तिकडं.” अंजू बिचारी रडत घरी गेली होती.

यंदा एप्रिलमध्ये सुलोचनाबाईलाच ताप भरला. एका दुपारी अलार्म वाजून वाजून गप्प झाला आणि ती झोपलेलीच. प्रेमदासनं तिला उठवलं नाही. झोपू दे म्हणाला, लय दिवसांनी झोपली. जागी झाली तेव्हा सहा तास उलटून गेले होते. त्या सहा तासांनी पाठीला बोटभर लाल डाग पडला, आठ दिवसांत डागाचा घाव झाला आणि मे महिन्यात घाव खोल गेला. मग थंडी वाजून ताप. मोठ्या डॉक्टरनं औषधं लिहून दिली, घरी न्या म्हणाला, आणि दाराशी येऊन हळूच बोलला, “ताप उतरला तर ठीक. नाही उतरला तर जखमेचं विष रक्तात जाईल, मग आमच्या हातात काही राहणार नाही.” सुलोचनाबाईनं हे कोणाला सांगितलं नाही. सहा तासांची झोप मात्र तिला डोळ्यांसमोरून हटेना. आपल्याच हातानं नवरा मारला, हे तिच्या मनानं धरलंच होतं.

तेव्हा पास्टर धर्मेंद्रनं साखळी लावायचं ठरवलं.

साखळी म्हणजे चोवीस तासांची प्रार्थना. शनिवारी सकाळी सहाला सुरू, रविवारी सकाळी सहाला बंद. गावात आणि सेलूत मिळून ख्रिस्ती घरं अकरा. एकेकानं एकेक तास वाटून घ्यायचा, कोणी दोन घ्यायचे. प्रार्थनेची खोली गावाच्या टोकाला, टिनाच्या छताची. आत एक सतरंजी. बसलेल्यानं डोळे मिटून बसायचं, पाठ दाराकडं. पुढचा माणूस येतो, मागून खांद्यावर हात ठेवतो, मगच बसलेल्यानं उठायचं. बोलायचं नाही, मागं वळून पाहायचं नाही, सरळ बाजूनं दाराबाहेर पडायचं. मोबाईल घरी. खांद्यावर हात पडल्याशिवाय उठलं तर साखळी तुटली.

मागं वळून न पाहण्याचा नियम ऐकून कोणाला गूढ वगैरे वाटेल, पण त्यामागं काही गूढ नव्हतं. आधीच्या पास्टरच्या वेळेला बायका सतरंजीवरच एकमेकींना गाठून अर्धा अर्धा तास सुनांचं गाऱ्हाणं सांगायच्या, म्हणून त्या पास्टरनं वैतागून हा नियम काढला होता.

सुलोचनाबाईचा तास दरवेळी ठरलेला, दुपारी बारा ते एक. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ दिवसांच्या उन्हात ती वेळ कोणी घेईना, म्हणून हिच्या गळ्यात. आणि तिच्यानंतरचा, एक ते दोन, डोमाजीबाबाचा. डोमाजी सत्तरीचा म्हातारा, सेलूत एकटा राहायचा, सायकलवर यायचा. तरुणपणी जिनच्या मशीनमध्ये उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली होती. त्याचं येणं डोळे मिटूनही कळायचं. आधी कडुनिंबाला सायकल टेकवल्याचा आवाज. मग बाहेरच्या माठातून लोटाभर पाणी घेऊन दगडावर पाय धुवायचा. मग एक खोकला. मग बामचा वास. आणि मग खांद्यावर हात, अंगठा आणि दोन बोटं, दोनदा दाबायचा. एक मिनिट उशीर नाही. सुलोचनाबाईला साऱ्या मंडळीत तो एकच माणूस पसंत होता, कारण तो तिला थांबवायचा नाही.

छताला दोन भोकं होती. बाराला एका भोकाचा कवडसा मांडीवर पडायचा आणि सरकत सरकत उजव्या गुडघ्यावरून उतरला की एक वाजला. हे डोमाजीनंच तिला सांगितलं होतं. “अन् दुसऱ्या भोकाचा चटका डाव्या गुडघ्याले लागला का दोन वाजले, पोरी. घड्याळ कायले पायजे?”

त्या शनिवारी सुलोचनाबाईनं पावणेबाराला प्रेमदासची कूस बदलली. अंग भट्टीसारखं तापलेलं. डोळे अर्धे मिटलेले. मोबाईल त्याच्या उशाशी ठेवला.

“सव्वाएकले येतो मी. पावणेदोनले फिरवतो तुमाले.”

“जाय,” तो म्हणाला. “बसजो बरोबर.”

बाराला पाच कमी असताना ती खोलीत शिरली. आत अंजू बसलेली. तिच्या खांद्यावर हात ठेवला, अंजू उठली आणि न बोलता निघून गेली. सुलोचनाबाई बसली.

तिची प्रार्थना सात मिनिटांत संपली. ताप उतरव, घाव भर, माणूस वाचव, आमेन. मग पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्या वेळेला शब्दांचा कंटाळा आला आणि ती देवाशी भांडायला लागली. तुला काय घाई नाही, तुझ्याकडं हजार वर्षं पडली आहेत, माझ्याकडं पावणेदोनपर्यंतचा टाइम आहे. वर टिन तापून टण्ण करून वाजायचं आणि ती दचकायची. बाहेर चिटपाखरू नव्हतं. अशा उन्हात कुत्रीसुद्धा कालव्याच्या पुलाखाली जाऊन पडतात. सारं गाव दारं लावून आत, आणि गावाच्या टोकाला टिनाखाली ती एकटी.

कवडसा मांडीवर आला. गुडघ्यावर गेला. गुडघ्यावरून उतरला.

एक वाजला होता. सायकल वाजली नाही.

तिनं वाट पाहिली. डोमाजीचा उशीर म्हणजे नवलच. म्हातारं माणूस, ऊन लागलं असेल, सावलीला थांबलं असेल. डोळे मिटलेलेच. पाय आखडले, घामानं साडी पाठीला चिकटली, तोंडात लाळ राहिली नाही. किती गेलं कोणास ठाऊक. मग डाव्या बाजूनं काहीतरी सरकत आलं आणि डाव्या गुडघ्याला चटका बसला.

दोन वाजले. प्रेमदासला फिरवायची वेळ टळून गेली होती.

सहा तासांच्या झोपेनं घाव पडला, आता आणखी किती? घाव तर त्याच बाजूचा, ज्या कुशीवर त्याला थोड्या वेळापुरतं ठेवून आली होती. उठावं, पळत जावं, फिरवावं आणि परत येऊन बसावं. दहा मिनिटांचं काम. कोण बघतंय? पण साखळी कोणासाठी लावली होती? त्याच्यासाठीच ना. तोडली आणि त्यानंतर त्याला काही झालं, तर ती उरलेली सगळी वर्षं या दहा मिनिटांकडं पाहत बसली असती.

तेवढ्यात बाहेरून हाक आली.

“सुलोचना.”

तिच्या पाठीमागून, कडुनिंबाकडून. आवाज प्रेमदासचा होता. पडायच्या आधीचा, उभ्या माणसाचा आवाज, छातीतून आलेला. सात वर्षांत तो आवाज तिनं ऐकला नव्हता.

तिच्या अंगावरचा घाम गार पडला. प्रेमदास घरात खाटेवर होता, गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याला उठून बसताही येत नव्हतं. मग तो बाहेर कडुनिंबाखाली कसा? एकाच तऱ्हेनं येऊ शकत होता. मेला असेल तर.

“सुलोचना.”

आता जवळून. खिडकीशी. कोणी तोंड गजाला लावून बोलावं तसं. टिनसुद्धा वाजायचं थांबलं होतं.

तिचे गुडघे आपोआप वर आले. ती अर्धी उठलीच. आणि त्याच क्षणी तिला आजी आठवली. जिवंत माणूस तीनदा हाक मारतो. ती तशीच, अर्धी उठलेली, डोळे घट्ट मिटून थांबली. तिसरी हाक यायची वाट पाहत. आली असती तर ती धावत सुटली असती, साखळी गेली खड्ड्यात. ‘मार ना मेल्या,’ ती मनात ओरडली, ‘मार तिसरी हाक!’

तिसरी हाक आली नाही.

सुलोचनाबाई हळूहळू खाली बसली. मग तिला रडू फुटलं, भीतीचं कमी आणि रागाचं जास्त. देवावर राग, डोमाजीवर राग, स्वतःच्या त्या झोपेवर राग. रडता रडता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. श्वास. प्रेमदासला फिरवताना ती जसा श्वास धरते, उचलते आणि सोडते, तसाच तो आता चालला होता, आपोआप. सात वर्षं ती हेच तर करत होती. दोन तास थांबायचं, मग उचलायचं. पुन्हा दोन तास थांबायचं. ती घाईची बाई, पण एवढं थांबणं तिला कधी आलं, ते तिला कळलंच नव्हतं. तिनं शब्द सोडून दिले. श्वास आत घेताना ‘प्रभू’, सोडताना ‘प्रेमदास’. बस, एवढंच. खिडकीशी जे काही उभं होतं ते उभं राहो. ती बसून राहिली.

डाव्या गुडघ्यावरचा चटका मांडीवर आला, मांडीवरून उजवीकडं गेला आणि निघून गेला. बाहेर लोटा वाजला.

माठात लोटा बुडाल्याचा आवाज. दगडावर पाणी. एक खोकला. मग बामचा वास आला, आणि उजव्या खांद्यावर हात पडला. अंगठा आणि दोन बोटं. दोनदा दाबलं, आणि मग थोडं थांबून पुन्हा एकदा, उशीर झाला माफ कर पोरी, असं म्हटल्यासारखं. एवढ्या उन्हात हात गारेगार होता. पदरातून ओल लागली.

‘आता येऊन राह्यला होय,’ ती मनात चरफडली, पण नियम म्हणजे नियम. मागं न पाहता उठली. पाय लाकडासारखे झालेले, भिंत धरत बाहेर पडली. दाराशी फक्त तिच्याच चपला होत्या. कडुनिंबाला सायकल नव्हती. दगड कोरडा होता, पण नवतपात दगड ओला राहतोच किती वेळ? कोणाच्या तरी गाडीवर आला असेल म्हणून ती घराकडं पळत सुटली.

प्रेमदास जिवंत होता. डोळे उघडे. तिनं आधी त्याला फिरवलं, उशी घातली, घाव पाहिला, मग भिंतीला टेकून खाली बसली. मोबाईलवर तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

“एकच्या आधी अंजूचा फोन आलता,” तो म्हणाला. जीभ जड पडत होती. “डोमाजीबाबा येता येता कालव्याच्या रोडवर सायकलवरून पडला. ऊन लागलं. सगळे त्याले घेऊन वर्ध्याले गेलते. आता पुन्हा फोन आला. पावणेतीनले गेला.”

“कोण गेला?”

“डोमाजीबाबा.”

“गेला म्हणजे? आत्ता तर मले उठवलं त्यानं.”

बाहेर कोणाच्या तरी घरचं भांडं पडून गडगडत गेलं.

“अजी, तुमी मले हाक मारली होती का? दोनदा?”

“मी काऊन हाक मारू? मले मालूम होतं, तू उठणार नाई.”

“मी उठणार नाई? मी?” एवढ्या भीतीतही ती उसळली. “इचारा साऱ्या गावाले!”

“गावाले तुयं तोंड मालूम हाय,” प्रेमदास म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. “हात मालूम नाई.”

तिनं त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सहाच्या सुमाराला अंजू आली. डोळे सुजलेले, दारातच हात जोडले. “बाई, माफ करा. तुमाले कोणीच सांगतलं नाई. मले वाटलं पास्टर सांगतीन, त्याईले वाटलं मी सांगतलं असंल. अन् खरं सांगू? आमी म्हटलं, सुलोचनाबाई कुठची बसते, एक वाजला का उठून घरी गेली असंल. साखळी तर एक वाजताच तुटली. पास्टर म्हणे, बाबाची माती झाली का पुढल्या शनिवारी पुन्हा लावू.”

“पुढल्या शनिवारी,” सुलोचनाबाई म्हणाली आणि खाटेकडं पाहिलं. ताप तसाच होता. पुढचा शनिवार त्याच्या वाट्याला होता की नाही, कोण सांगणार?

“तुटली नाई साखळी,” ती म्हणाली. “मी पावणेतीनपर्यंत होती. मंग बाबानं मले उठवलं.”

अंजूनं प्रेमदासकडं पाहिलं. या बाईलाही ऊन लागलं, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण सुलोचनाबाई तिच्याकडं पाहत नव्हती. तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी हळूहळू वर येत होतं.

“अंजू,” ती म्हणाली, “बाबाच्या नंतर कोण होतं?”

“काजल. दोन ते तीन. पण थे पण वर्ध्यालेच होती ना. कोणीच नाई आलं.”

“म्हंजे त्याले कोणी उठवलंच नाई.”

“कोणाले?”

“अव, खांद्यावर हात पडल्याबिगर उठायचं नाई ना! डोमाजीबाबा नेम मोडणारा माणूस हाय का? पावणेतीनपासून बसून हाय थो. बसूनच राहीन.”

अंजूच्या हातातला पदर सुटला. “मी नाई जाणार बाई,” ती मागं सरकत म्हणाली. कोणी तिला जा म्हटलंही नव्हतं.

सुलोचनाबाईला जायचं नव्हतं. कोणाला जावंसं वाटेल? दिवस कलत होता, आणि इथं नवऱ्याची कूस बदलायची वेळ एका तासावर आली होती. पण त्या म्हाताऱ्यानं मेल्यावरही तिला ताटकळत ठेवलं नव्हतं. ती उठली. पदर खोचला. मग तिनं जे केलं ते सात वर्षांत कधी केलं नव्हतं.

“इकडं ये,” तिनं अंजूला खाटेशी ओढलं. “सातले डावीकडं फिरवजो. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. श्वास धरजो. उशी गुडघ्यात, शिवण खाली. मंग नवाले. मंग अकराले. असंच रातभर. मी सकाळी सहाले येतो.”

“मले जमन का बाई?”

सुलोचनाबाईच्या जिभेवर आलं होतं ते तिनं गिळलं. “जमन,” ती म्हणाली.

प्रेमदासनं डोळे उघडले नाहीत. “जाय,” म्हणाला.

खोलीचं दार तिनं सोडलं तसंच अर्धं उघडं होतं. आत संध्याकाळचा पिवळा उजेड. सतरंजी रिकामी. रिकामीच होती, ती डोळे फाडून पाहत होती. पण सतरंजीच्या मधोमध कापड दबलेलं होतं, बसलेल्या माणसाखाली दबतं तसं, आणि बामचा वास भरून राहिला होता. दारापासून सतरंजीपर्यंत सात पावलं. एवढं सावकाश ती उभ्या जन्मात चालली नव्हती.

पोचली. हात पुढं केला. बसलेल्या म्हाताऱ्याचा खांदा असेल तेवढ्या उंचीवर, हवेत. तिनं डोळे मिटले आणि हात खाली आणला.

हात अडला. तळव्याखाली घामानं भिजलेला सदरा होता आणि त्याखाली म्हातारं, टोकदार हाड.

तिनं दोनदा दाबलं. “उठा, डोमाजीबाबा,” ती म्हणाली. बोलायचं नसतं, तरी बोलली. “मी आली. जा आता तुमी.”

हाताखालचं हाड वर उचललं गेलं आणि मग हाताखाली काही उरलं नाही. तिच्या बाजूनं कोणीतरी सावकाश गेलं, मागं वळून न पाहता. दाराशी एकदा खोकल्याचा आवाज आला. सुलोचनाबाई सतरंजीवर बसली. सतरंजी गार होती.

तिच्यानंतर यायला कोणी नव्हतं, सगळे मातीच्या तयारीत. ती बसून राहिली. श्वास आत, ‘प्रभू’. श्वास बाहेर, ‘प्रेमदास’. त्या रात्री पुन्हा हाक आली का, हे तिला पुष्कळांनी विचारलं. तिनं कोणाला सांगितलं नाही.

कोंबडा आरवला, पाखरं बोलायला लागली, मिटल्या पापण्यांवर उजेड आला. मागून पावलं वाजली आणि तिच्या खांद्यावर हात पडला. ती लगेच उठली नाही. आधी तिनं खांद्यावरची बोटं मोजली. अंगठा, एक, दोन, तीन, चार. पास्टर धर्मेंद्रचा हात होता. मग ती उठली.

घरी आली तेव्हा अंजू खाटेच्या पायाशी बसल्या बसल्या झोपली होती. प्रेमदासला उजवीकडं फिरवलेलं होतं. गुडघ्यांमधली उशी उलटी, शिवण वर. सुलोचनाबाईनं उशीकडं पाहिलं, अंजूकडं पाहिलं. उशी हळूच सरळ केली. मग नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ ओलं होतं. मानेलाही घाम आला होता आणि अंग गार लागत होतं. तिनं घाबरून त्याच्या नाकाशी बोट धरलं.

“जिवंत हाय,” प्रेमदास डोळे न उघडता म्हणाला. “चहा ठेव.”

सुलोचनाबाईनं चहा ठेवला, आणि तो पुरता उकळेपर्यंत चुलीपाशी बसून राहिली.